अंगठा माझा, चाल पत्रूभाऊंची

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आमचे सरपंच धनराजभाऊ. मूल गावातली आपली राईस मिल एक दिवस मुनीमावर सोडून आलेले प्रमुख पाहुणे गुणवंतराव. ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते दिग्दर्शक प्रफुलजी आणि त्यांची सगळी वायरवाली मंडळी. व्यासपीठावर बसलेले मान्यवर, खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसून दाराशी उभे राहिलेले मान्यवर, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या बाया-माणसांनो, सगळ्यांना या गिरजाबाईचा नमस्कार.

मी अक्षर शिकले नाही, हे गावाला माहीत आहे. हे भाषण मी तीन दिवस बोलत गेले आणि माझी सून चंचल, जी अंगणवाडीत शिकवते, ती लिहीत गेली. माझं 'मले-तुले' तिने धुऊन 'मला-तुला' केलं. म्हणाली, आई, पाहुणे येणार आहेत. मी म्हटलं, कर बाई. पण दुसऱ्या कोणी काही बोललेलं असेल तर ते तसंच ठेवायचं, एवढी अट घातली. मग तिने वाचून दाखवलं आणि मी पाठ केलं. ती माझ्या मागे कागद घेऊन बसली आहे. मी वाट सोडली की ती खोकणार आहे. तेव्हा तिला सर्दी झाली असं कोणी समजू नका.

प्रफुलजी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेले, म्हणजे आपलेच. लहानपणी त्यांनी कॉलनीत पडदा लावून तो जुना रीछाचा पिक्चर पाहिला आणि आठ दिवस आईच्या कुशीतून हलले नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. आता तोच पिक्चर ते नव्याने करत आहेत. जुन्या पिक्चरसाठी तेव्हाचे दिग्दर्शक, मोठे साहेब, आलापल्लीच्या सागवनात महिनाभर डास खात बसले होते. प्रफुलजींनी आलापल्लीचं सागवन संगणकात उभं केलं. मी पाहिलं. झाड झाडासारखं, पान पानासारखं. फक्त एक पान खाली पडत नाही. मी म्हटलं, उन्हाळ्यात सागवनाखाली चाललं की पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो, तो कुठे आहे? त्यांनी लगेच लिहून घेतलं. असे ऐकून घेणारे आहेत, म्हणून मला आज बोलायचा धीर झाला.

ज्यांनी जुना पिक्चर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. रीछा म्हणजे अर्धा माणूस, अर्धा अस्वल. तो रानातून येतो आणि गावातल्या बाया उचलून नेतो. त्यातली गावाची दृश्यं आपल्या गावात घेतली होती. रीछा झालेला माणूस मुंबईचा पहिलवान. अंगावर बारदान्याचा झगा, त्याला तणस शिवलेली, वरून काजळी. दिसायला भयंकर. पण चालायला लागला की वरातीतला नवरदेव! आमच्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. मोठे साहेब डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटायचे.

मी तेव्हा वीस वर्षांची. त्या लोकांना पाणी भरायच्या कामावर होते. आणि तुम्ही जुनी माणसं जाणता, धानाच्या रोवण्याच्या चिखलात मी गावाच्या नकला करायची. पाटलाची शिंक, कोतवालाचं बिडी पेटवणं, माझ्या सासूचं चालता चालता सुनेला शिव्या देणं. वाकून वाकून कंबर मोडायची, पण बाया हसत हसत अख्खी बांधी लावून उरकायच्या. तर कोणीतरी साहेबांना सांगितलं, ही बाई चालून दाखवते. साहेब म्हणाले, दाखव.

मी चालून दाखवलं. उजवा पाय फरफटत. डावा खांदा आधी पुढे, मग बाकीचं अंग. दर तिसऱ्या पावलाला थांबून मान वळवायची, कोणी मागून येतंय का बघायला. साहेब बघतच राहिले. त्यांच्या हातातली बिडी विझली. मग बंद दाराआड पहिलवानाला माझ्या मागे आठ दिवस चालायला लावलं, गावातल्या कोणाला दिसलं नाही. तो शिकला. पिक्चर लागला. मूलच्या टाकीजमध्ये बाया किंचाळल्या. मला साहेबांनी हिरवं लुगडं दिलं.

आता चंचल खोकेल, कारण इथे मी दरवेळी अडखळते.

ती चाल पत्रूभाऊंची होती.

बसा, धनराजभाऊ, बसा. माझं भाषण व्हायचं आहे.

आमच्या नव्या पोरांना पत्रूभाऊ म्हणजे काठी टेकत जाणारा म्हातारा एवढंच माहीत. पिक्चरवाले आले त्याच्या दोन वर्षं आधी, मोहाच्या दिवसांत, सकाळी सकाळी आम्ही तिघी फुलं वेचत होतो. अस्वल आलं. पत्रूभाऊ पलीकडच्या झाडाखाली होते. ते पळून जाऊ शकत होते, त्यांच्या आणि गावाच्या मध्ये काही नव्हतं. ते कुऱ्हाडीचा नुसता दांडा घेऊन आमच्याकडे धावले. अस्वलाने त्यांची मांडी आणि खांदा फाडला. आम्हा तिघींना ओरखडा नाही. त्या तिघींतल्या दोघी आता नाहीत. तिसरी तुमच्यासमोर उभी आहे.

म्हणजे ज्या माणसाचा पाय माझ्यामुळे गेला, त्याचाच पाय मी साहेबांना चालून दाखवला. तेव्हा मला हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण साहेबांची बिडी विझलेली मला दिसत होती ना. माझ्या चालण्याने एवढा मोठा माणूस गप्प झाला, याचंच मला कौतुक.

पुढचं गावाने पाहिलं आहे. पोरं त्यांच्या मागे 'रीछा, रीछा' करत पळायची. बाजारात कोणी घशातून गुरगुरायचं. त्यांच्या लग्नात, मांडवात, कोणीतरी गुरगुरलं आणि सगळा मांडव हसला. मीही हसले. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. त्यानंतर पत्रूभाऊंनी चौकातून जाणं सोडलं. शेतावर जायला तलावाच्या पाळीवरून, लांबच्या वाटेने जायचे. आपल्यासारख्या चांगल्या पायांना ती वाट अर्ध्या तासाची. त्या पायाने किती वेळ लागत असेल, हे मी कधी विचारलं नाही.

आणि गाव काय समजलं? की त्या मुंबईच्या पहिलवानाने पत्रूला पाहून नक्कल केली. मी समजू दिलं. दरवर्षी नव्या तांदळाची पायली त्यांच्या घरी पाठवायची. त्यांची बायको, देव तिचं भलं करो, शेवटपर्यंत म्हणायची, गिरजाचं मन लई मोठं. मी ते ऐकून घ्यायची. तांदूळही पाठवत राहायची.

आता नव्या पिक्चरकडे येते. प्रफुलजी मला येऊन म्हणाले, "आजी, जुन्या पिक्चरमध्ये आता सगळ्याचं हसू येतं. बारदान्याची शिवण दिसते. पण तो चालायला लागला की अजून अंगावर काटा येतो. आणि आमच्या नशिबाने त्या साहेबांच्या जुन्या वहीत लिहिलेलं सापडलं, चाल शिकवणारी गिरजा." पासष्टीच्या बाईला एवढं सांगितलं तर ती काय करणार? मी उठलेच. त्यांनी मला काळं, अंगाला चिकटणारं कापड घालायला लावलं. मी वरून पदर मागितला. संगणकाला पदर चालत नाही म्हणाले. वच्छलाबाई, तू खिडकीतून बघून हसलीस, ते मी पाहिलं आहे. मग अंगभर चमकते ठिपके चिकटवले, आणि मी शाळेच्या खोलीत पुन्हा चालले. इकडे मी, तिकडे टीव्हीवर केसाळ, ताडाएवढा रीछा. मी थांबले की तो थांबे. खोटं कशाला सांगू, मजा आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन फेऱ्या जास्तच मारल्या.

मग त्यांच्या माणसाने काहीतरी दाबलं आणि टीव्हीवरचे केस गेले, दात गेले, सागवन गेलं. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके राहिले, चालणारे. त्याच वेळी बचत गटाचा चहा घेऊन रोशनी आली. पत्रूभाऊंची नात. तिने जुना पिक्चर पाहिलेला नाही. किटली हातात धरून ती बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, हा तं माहा आबा होय."

मग तिने विचारलं, "त्याले काऊन टीव्हीत टाकून राह्यले?"

पंचेचाळीस वर्षांत ज्याच्यावर मी इतके झगे चढवले, तो माणूस त्या पोरीने ठिपक्यांवरून ओळखला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रूभाऊंकडे गेले. ते अंगणात बांबूच्या काड्या सोलत बसले होते.

"काऊन व गिरजा? तांदूळ तं देऊन गेली ना यंदाचे?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला विळा चालूच होता. सांगून झालं तरी चालूच.

"त्या बंबईवाल्याले मी पंचेचाळीस वर्ष शिव्या देल्या," ते म्हणाले.

"हो."

"त्याच्या लेकराबाळायपर्यंत देल्या."

"हो, पत्रूभाऊ."

"तू बाजूले बसून आयकत होती."

"आयकत नोती. मी बी देत होती."

इथे ते हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. विळा खाली ठेवला.

"उठ. करून दाखव."

"काय?"

"माही चाल. मी कधी पाह्यलीच नाई. आपली चाल आपल्याले थोडीच दिसते. अख्ख्या मुलकानं पाह्यली, मले बी पाहू दे."

मी उठले. पदर खोचला. खांदा पुढे करायला गेले आणि पाय हलेना. साहेबांसमोर हलला, संगणकासमोर हलला, त्या अंगणात हलला नाही.

"का झालं?"

"होत नाई, पत्रूभाऊ."

"सगळ्यायसमोर होते, मासमोर नाई होत?" त्यांनी विळा पुन्हा उचलला. "मंग जितक्यायले दाखवली तितक्यायले सांग. मले नको सांगू. मले तं मालूम आहे कोणाची होय."

म्हणून हे भाषण.

आता प्रफुलजी, तुमच्याशी दोन शब्द. मी तुम्हाला शनिवारी आडून विचारलं होतं की चाल बदलता येते का. तुम्ही म्हणालात, "येते, आजी. केस बदलतात, डोळे बदलतात. पण चाल बदलली तर हा पिक्चर करायचाच कशाला?" तुमची दोन वर्षांची मेहनत आहे, ही एवढी पोरं त्यावर जगतात, हे मला दिसतं. पण तुमच्या कागदावर मी अंगठा दिला आहे. घरी आल्यावर चंचलने तो कागद वाचला. त्याच्या तिसऱ्या पानावर लिहिलं आहे की ही चाल माझी स्वतःची असून तिच्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. मला वाचता येत नाही म्हणून फसले, असं मी म्हणू शकते. गाव मानेलही. पण ते खरं नाही. तुम्ही तेव्हा मोठ्याने वाचून दाखवलं असतं तरी मी अंगठा दिलाच असता. तो अंगठा खोटा आहे, हे मी सरपंचांसमोर आणि सगळ्यांसमोर सांगते. तुमची चूक नाही. तुम्ही वही पाहून आलात, आणि वहीत माझं नाव होतं.

चाल काढा असंही मी म्हणत नाही. ते म्हणायला ती माझी पाहिजे. ज्याची आहे तो माणूस तिसऱ्या ओळीत, खिडकीजवळ बसला आहे. त्याला विचारा. तो हो म्हणाला तर त्याचं नाव माझ्या नावाच्या जागी लिहा. नाही म्हणाला तर तुम्हाला दुसरा रीछा शोधावा लागेल, आणि मी त्यात काही मदत करू शकणार नाही. तो काय म्हणेल हे मला माहीत नाही. मी इतकी वर्षं ओळखते म्हणून त्याच्या वतीने काही सांगावं, असं कोणाला वाटत असेल तर नको. त्याच्या वतीने मी पुष्कळ केलं.

गुणवंतराव, तुम्ही माझ्यासाठी आणलेली शाल सुंदर आहे. मी हात लावून पाहिला. ती टेबलावरच राहू द्या.

प्रफुलजी, तुमच्या मंडळींनी महिनाभर या गावात खाल्लं-प्यायलं आणि आमच्या बचत गटाच्या तिखटाला नावं ठेवली नाहीत, त्याबद्दल आभार. धनराजभाऊंनी मला माईक दिला आणि मध्येच काढून घेतला नाही, त्यांचे आभार. तीन दिवस माझं रडणं-बोलणं वेगळं करून फक्त बोलणं लिहिणाऱ्या चंचलचे आभार.

भाषणात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान पुढे-मागे झाला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर तुम्ही सगळ्यांनी मला माफ करावं. ही माफी तुमच्याकडे मागते. दुसरी इथे मागणार नाही. भरल्या सभेत मागितली की माणसाला ती द्यावीच लागते. ती मी उद्या सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन मागेन. तिथे त्यांना नाही म्हणता येईल.