पोरीच्या जातीले एवढी ताकद कायले पायजे

...अन् वरतून मलेच विचारतेत, पोरीच्या जातीले एवढी ताकद कायले पायजे? तुमाले सांगते, मी बेल्याच्या घरची अश्विनी, रग्बी खेळते. म्हंजे लांबुळका चेंडू काखेत दाबून पळाचं, आडवं येईन त्याले पाडाचं. आमाले रग्बी शिकवणाऱ्या तेलुगू मॅडम, भाग्यलक्ष्मी, पाठीवर सरकीचं पोतं देऊन उठाबशा काढायले लावतेत, अन् मांड्या थरथरल्या का म्हणतेत, "इंका, इंका!" म्हंजे आनखी कर. घरी माय ताटात अंडं वाढते, त शेजारचा अमृतरावकाका ओसरीवरून डोकावते, "रेणुकाबाई, पोरगी पोसून राह्यली का बैल? मांड्या पाहा तिच्या, कोन बायको करन इले?" माझ्या मांड्या, माझ्या मायचं अंडं, तुमचं काय जाते बाप्पा?

बरं, पाऊस लागला, अन् काकाचा ट्रॅक्टर काळ्या मातीत असा फसला का चाकं दिसनात. मंग कोन आलं आमच्या दारात? "अशू बेटा, तुह्या रग्बीच्या मैतरणी बलावतं का..." सकाळी बैल, दुपारी बेटा! आमी मुंड्या खाली घातल्या, खांद्याले खांदा भिडवला, रग्बीत त्याले स्क्रम म्हणतेत, अन् काढला बाहीर. काका वावराच्या कडेले, धुऱ्यावर उभा राहून काय म्हणते? "इंजनच दमदार हाय आपलं." तवापासून कोनाचा ऑटो, कोनाची बैलबंडी, जो फसला तो आमच्या दारात. चहाचं त नावच नाई. अन् पारावर बसून पुन्हा तेच, पोरीच्या जातीले एवढी ताकद कायले पायजे?

मंग आली राज्याच्या संघाची निवड. त्याच्यासाठीच त वर्षभर मरून राह्यली होती मी. आमी साऱ्या पोरी गेलो, त मैदानाच्या तोंडाशी एक पांढरी कार चिखलात रुतलेली. काच खाली झाली, "लडकियों, जरा धक्का मारो." ढकलली. गुडघाभर चिखलात घसरलो, पडलो, पुन्हा ढकलली. कार निंगाली, आमचे पाय गेले. अन् मैदानात जाऊन पाहातो त काय, कारवालाच निवड करणारा सर!

पळायले लावलं, मांड्या उचलनात. वजन उचलायले लावलं, गुडघ्याच्या वर येईना. सर मले म्हणते, "खेल अच्छा है, मगर ताकत कम है. घर पे थोडा मेहनत का काम किया करो." मले असा राग आला का तिथंच आडवा करावा ह्याले! पण मी म्हनलं, जी सर.

नाव नाई लागलं माझं. संध्याकाळी सरच्या ड्रायव्हरनं हाक मारली, कार पुन्हा तिथंच रुतली, जायचा रस्ता तोच ना. अन् गेलो बाप्पा आमी... नाई त कोन ढकलन?