घेरातलं शिसं

नाव: कागदावर लिहून दिलं आहे, गल्लीत सगळे शिवणकाकू म्हणतात. वय: ६१ वर्षे. धंदा: शिवणकाम. राहणार: कापडबाजारामागची गल्ली, जिन्याखालची खोली.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही, आपणहून पोलीस ठाण्यात आले आहे. चौतीस वर्षं मी नाटकवाल्यांचे आणि हौशी लोकांचे जुन्या धाटणीचे कपडे शिवते.

मयत मुलगी संग्रहालयात तिकिटं देत असे. संग्रहालयाला शंभर वर्षं झाली म्हणून तळ्यात होड्यांची मिरवणूक होती. पहिल्या नावेत उभं राहायला तिला निवडलं होतं. तिथल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रातल्या बाईसारखा रेशमी झगा, हातमोजे आणि बटवा तिला हवा होता. दोन महिन्यांत ती पाच वेळा मापाला आली. फार बडबडी. "काकू, एवढ्या कापडात आमच्या घरभर पडदे झाले असते," म्हणायची. मला मूलबाळ नाही. ती यायची त्या दिवशी मी दुसरं काम घेत नसे.

रेशीम हलकं असतं. घेर नीट पडावा म्हणून मी खालच्या दुमडीत शिशाच्या चकत्या शिवते. नेहमी वीस घालते. नावेवर वारा असणार म्हणून या वेळी चाळीस घातल्या. मी वाऱ्याचा विचार केला, पाण्याचा केला नाही.

शेवटच्या मापाला ती म्हणाली, "काकू, जड होतंय हो. थोड्या काढा ना." मी म्हटलं, "नटायचं तर सोसायचं. चारचौघांत झगा उडाला तर माझ्या कामाचं हसं होईल." ती हसली आणि गप्प बसली. ती गप्प बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

रविवारी दुपारी तीनला तिच्या घरी जाऊन मीच झगा चढवला. पाठीची नाडी अंगावर असताना आपली आपल्याला सोडता येत नाही. मी सुरगाठ मारते, पण ही एक क्षण स्थिर उभी राहीना, म्हणून निरगाठ मारली.

साडेपाचला मी काठावर होते. वळताना नाव कलली. चौघं पाण्यात पडले, तिघं पोहून वर आले. पोहण्यात ती शाळेत पहिली यायची, हे तिनेच मला सांगितलं होतं.

साहेब म्हणाले, "काकू, नाव कलली त्यात तुमचं काय? हात दाखवून अवलक्षण कशाला करताय?" तिची आईही काल माझा हात धरून म्हणाली, "किती जीव लावून शिवला होतात हो." तिला शिशाचं माहीत नाही. मला सांगायचं होतं, पण जीभ उचलली नाही.

झगा आपल्या ताब्यात आहे. दुमड उसवून चकत्या मोजाव्यात. कात्री लागेल, माझी शिलाई हाताने तुटत नाही. बटवा अपुरा राहिला होता, तो काल पुरा केला आणि सोबत आणला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. शिशाचा परिच्छेद साहेबांनी माझ्या काळजीपोटी गाळला होता, तो पुन्हा लिहायला लावला. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. बाहेर बाकावर तिची आई बसली आहे. तिलाही तो साहेबांनी वाचून दाखवावा, माझ्याच्याने होणार नाही. मी समोर उभी राहीन.