गुरुवारची रजा

धाकटा : …आणि हे लिहून देणारं एआय अजून बाजारात आलेलंच नाही, ताई. आमच्या ऑफिसात मोजक्या लोकांना आधी वापरून बघायला दिलंय. हे बघ, एवढा मोठा अहवाल टाकला, पाच ओळींत सार काढून दिलं.

ताई : माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवू नकोस बाबा. आणि विषय बदलू नकोस. गुरुवारचं काय?

धाकटा : तेच सांगतोय. मेलसुद्धा हेच लिहितं. माझे जुने सगळे मेल वाचून ठेवलेत त्यानं. नुसतं काय हवं ते सांगायचं, माझ्याच भाषेत लिहून देतं.

ताई : मग माग रजा. आत्ता, माझ्यासमोर. गुरुवारी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन, त्याच दिवशी माझ्या शाळेत परीक्षा, मला सुटी मिळणं शक्यच नाही. दवाखाना तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. म्हणून तर आज तिला तुझ्याकडे आणून सोडलंय. दिवसभर कुणीतरी जवळ हवं की नको?

धाकटा : हो गं बाई, हो. हे बघ. ‘मॅडमना मेल. गुरुवारी रजा हवी.’ बस, एवढंच. आता मजा बघ.

ताई : थांब, मी वाचते. ‘आदरणीय मॅडम, माझ्या आईची प्रकृती काल रात्री अचानक खालावल्यामुळे…’ अगंबाई! याला आईचं कसं कळलं?

धाकटा : हुशार आहे ना.

ताई : तू तर आईचा विषयही काढला नाहीस. आणि काल रात्री ती माझ्या घरी निवांत घोरत होती.

धाकटा : अंदाजानं लिहितं गं. दे इकडे, दुसरा नमुना मागतो.

ताई : हात बाजूला घे. कुठलं बटण, हे? ‘आईला पुन्हा दवाखान्यात दाखल करावं लागत असल्यामुळे…’ पुन्हा?

धाकटा : अजून कच्चं आहे ते. म्हणून तर आम्हाला चुका शोधायला दिलंय.

ताई : मग कळव की. हे काय खाली बटण आहे, ‘चूक कळवा’. दाब.

धाकटा : ताई…

ताई : दाब ना. का, चूक त्याची नाही?

धाकटा : नाही.

ताई : किती वेळा आजारी पाडलंस तिला?

धाकटा : चार-पाचदा असेल. दुसरं कारण दिलं की मॅडम हजार प्रश्न विचारतात. आईचं म्हटलं की लगेच जा म्हणतात.

ताई : आणि जायचास कुठे?

धाकटा : कुठेच नाही. घरी झोपून राहायचो.

ताई : मागे तिला खरा ताप चढला, मी फोनवर फोन केले. तेव्हा म्हणालास, रजा शिल्लक नाही.

धाकटा : खरंच नव्हती.

ताई : कशी असेल? तिच्याच नावावर संपवून बसला होतास! शी! माझा भाऊ म्हणून सांगायची लाज वाटते मला.

धाकटा : हळू बोल, आई आत झोपलीय. मलाही वाटतेय गं लाज. त्या स्क्रीनकडे बघवत नाहीये.

(आई दारात येऊन उभी राहते.)

आई : जागीच आहे मी. भांडू नका. मला ठाऊक आहे ते.

धाकटा : काय ठाऊक आहे?

आई : तुझ्या मॅडमचा फोन आला होता मला. तुमच्या ऑफिसात तू माझा नंबर लिहून दिलाय म्हणे. मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. त्या विचारतात, आता कसं वाटतंय? मला आधी काही कळेचना. मग आलं लक्षात, तू काहीतरी सांगितलेलं दिसतंय.

ताई : मग तू काय म्हणालीस?

आई : काय म्हणणार? खाली बसले, आवाज बारीक केला. म्हटलं, जरा उतार आहे.

धाकटा : मला का नाही सांगितलंस?

आई : तुला कसंतरी वाटलं असतं.

ताई : वाटायलाच हवं होतं!

आई : अगं, मग फोन करणंही सोडलं असतं त्यानं. आधीच कधीतरी येतो.

धाकटा : आई…

आई : रजा नको मागूस. मी जाईन एकटी. नर्सबाई असतातच की तिथे.

धाकटा : एकटी नाही जायचंस. मी मागतो. पण लिहू काय? खरं लिहिलं तरी आधीच्या खोट्या मेलसारखंच होतंय. शब्द न् शब्द तेच.

ताई : मग लिहू नकोस. फोन लाव. आधीचं सगळं सांग, आणि मग माग.

धाकटा : नोकरीवर गदा येईल, ताई.

ताई : येऊ दे.

धाकटा : बरं, लावतो. आई, तू आत जाऊन पड ना. तुझ्यासमोर नाही बोलता यायचं मला.

आई : नको, बसते मी इथेच. तुझं झालं की फोन माझ्याकडे दे. मलाही त्यांची माफी मागायचीय.