पोपटाचा खोकला

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर मांजर, दुसरीच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा. पोपट खोकला, अगदी माणसासारखा.

"आजारी आहे का हो?" मांजरवालीने विचारलं.

"आठवडाभर हेच चाललंय. म्हटलं, दुखणं अंगावर काढायला नको."

"खातो नीट?"

"पेरू दिसला की झडप घालतो."

"पिसं फुगवून बसतो का? श्वासागणिक शेपटी हलते?"

"छे. डोळेसुद्धा स्वच्छ आहेत."

"तरी दाखवा डॉक्टरांना. पण मला विचाराल तर हा नक्कल करतोय. आमचाही करायचा. घरात खोकला कुणाला आहे?"

"कुणालाच नाही. मी आणि हा, दोघंच असतो."

"मग शेजारचं ऐकत असेल."

"शेजारचं घर कधीचं बंद आहे. आणि पिंजरा माझ्या उशाशी असतो."

पोपट पुन्हा खोकला. मग दबक्या, पुरुषी आवाजात म्हणाला, "झोपली वाटतं."

मांजरवालीने मांजर जवळ ओढलं.

"हे कुणाचं ऐकलं याने?"

"काय माहीत बाई. मी झोपलेली असते ना."