देव येईपर्यंत मधल्या वस्तीचा इतिहास-भूगोल

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, पानकवठ्याचे सरपंच माननीय बलभीमराव. प्रमुख पाहुणे, आडबोरीचे सरपंच माननीय सिद्धारामअण्णा. सत्कारमूर्ती, भूकरमापक माननीय शांतलिंग हिरेमठ साहेब. खुर्च्या कमी पडल्यामुळं सतरंजीवर बसलेले दोन्ही गावांचे उपसरपंच. आणि मधल्या वस्तीच्या एकेचाळीस घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आयाबहिणींनो,

सर्वांना नमस्कार. मी शंभू. शिक्षण दहावीपर्यंत, त्यात इंग्रजी राहिलेलं आहे. वस्तीचे अर्ज मी लिहितो, म्हणून निरोपाचं भाषणही माझ्याकडंच आलं. अर्जात ‘महोदय’ लिहिलं की पुढचं आपोआप सुचतं. भाषणात तसं होत नाही, हे मला आत्ता कळतंय.

आधी एक खुलासा करतो, कारण आत काही ठेवून बोललो की मला घाम येतो. मला वस्तीनं बजावलंय, “देव ओढ्यावरून येईस्तोवर बोलत राहा. मधी बसलास तर बघ.” हिरेमठ साहेब बदली झाल्यानं आज पावणेसहाला कार्यमुक्त होतात. आत्ता पाच वाजायला दहा मिनिटं कमी आहेत. साहेबांच्या पिशवीत आपल्या वस्तीचा नकाशा आहे, त्यावर सही राहिली आहे, आणि देव जागेवर बसल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय साहेब सही करणार नाहीत. सही राहिली तर उद्याचे नवीन साहेब पहिल्यापासून सुरुवात करतील. म्हणून मी उभा आहे. साहेब, तुमच्याबद्दलचा आदर खरा आहे. फक्त तो किती वेळ व्यक्त करायचा, हे देवाच्या हातात आहे.

आता देवाचा आणि नकाशाचा संबंध काय? पाहुण्यांपैकी काहींना माहीत नसेल, म्हणून थोडा भूगोल सांगतो. आपल्या वस्तीच्या पूर्वेला पानकवठा, पश्चिमेला आडबोरी, दक्षिणेला ओढा आणि उत्तरेला माळ. माळावर हरभरा चांगला येतो, माणूस थांबत नाही. पण मधली वस्ती स्वतः कोणत्या गावात आहे? या प्रश्नाला उत्तर एकच, शिवेचा दगड. दगडाच्या पूर्वेला पानकवठा, पश्चिमेला आडबोरी. निजामाच्या अमलात तो ठेवला गेला, असं जुनी माणसं सांगतात. पुढं कुणीतरी त्याला शेंदूर लावला आणि दगडाचा म्हसोबा झाला. इथपर्यंत सगळं इतर गावांसारखंच आहे.

फरक असा, की आपला म्हसोबा दरवर्षी चैत्रात ओढ्यावर अंघोळीला जातो. पालखीला चार खांदेकरी, दोन पानकवठ्याचे, दोन आडबोरीचे. परत येताना देव स्वतः आपली जागा निवडतो. म्हणजे चालता चालता खांदेकऱ्यांना तो एकाएकी जड होतो. जिथं जड झाला तिथं बसला. नारळ फुटला की पुढच्या चैत्रापर्यंत त्याला कुणी हलवायचं नाही.

म्हणजे दरवर्षी शीव हलते. इतिहासाचं पुस्तक काढलं तर प्रत्येक वर्षाला वेगळा नकाशा लावावा लागेल.

जुन्या काळी आपल्या जमिनीचा वसूल दोन्ही गावांना हवा होता. तेव्हा पानकवठ्याचे खांदेकरी पुढं असले की देव पार वस्ती ओलांडून पश्चिमेला जाऊन जड व्हायचा. आडबोरीचे पुढं असले की पूर्वेच्या बांधावर. आता काळ बदलला. आता वस्तीला नळ द्यावा लागतो, रस्ता द्यावा लागतो, दिवाबत्ती द्यावी लागते. त्यामुळं हल्ली पानकवठ्याचे खांदेकरी पुढं असले की देवाला वस्तीच्या अलीकडंच, पूर्वेला, धाप लागते. अध्यक्ष महोदय, मी आरोप करत नाही. देवाच्या मनातलं कुणाला कळलंय?

(सिद्धारामअण्णा, हसू नका, तुमच्याकडचेही तेच करतात.)

याचा परिणाम काय झाला? एका वर्षी तर शीव हमिदाबींच्या घरातून गेली. चूल पानकवठ्यात आणि बाज आडबोरीत. त्या वर्षी त्यांनी रहिवासी दाखला मागितला, तर पानकवठ्यानं सांगितलं, माणूस झोपतो तिथला रहिवासी. आडबोरीनं सांगितलं, माणूस जेवतो तिथला. आज एकेचाळीस घरांत एकाकडंही रहिवासी दाखला नाही. पोरींचं पुढचं शिक्षण दाखल्यावाचून अडलं, म्हाताऱ्यांचं निराधार अनुदान अडलं. मी स्वतः एकशे सोळा अर्ज केले. प्रत्येकाला उत्तर आलं, हे मी मान्य करतो. उत्तरं शुद्ध होती.

हमिदाबी काहीतरी म्हणतायत. मोठ्यानं बोला, नानी.

“मी म्हन्ते, सासरा माझा जैनोद्दीन. पयली हीर त्यानं खांदली हितं. मी सत्तर साल झाले नांदायले. मग मी ऱ्हात कुठं होते रे बेटा, झाडावर?”

या प्रश्नाचा मी अर्ज केला होता. त्याचंही उत्तर आलं. संबंधित झाड कोणत्या हद्दीत आहे ते कळवावं.

असो. आता सत्कारमूर्तींकडं येतो.

साहेब अकरा महिन्यांपूर्वी एका दिवसाच्या मोजणीसाठी आपल्याकडं आले. सोबत रोव्हर मशीन होतं. ते काठीसारखं उभं करतात आणि ते आकाशातल्या उपग्रहाला विचारून जागा सांगतं. साहेबांनी दगडावर काठी धरली. जागा मोजणीच्या जुन्या टिपणाशी जुळेना. साहेबांना वाटलं, मशीन बिघडलं. धाराशिवहून दुसरं आणलं. तेही तेच बोललं. तेव्हा हमिदाबींनीच साहेबांना पाणी दिलं आणि सांगितलं, “मशीनला शिव्या देऊ नका साहेब. गोटाच फिरस्ती हाय.”

साहेबांनी तसा प्रामाणिक अहवाल पाठवला. वरून फाइल परत आली. शेरा होता, ‘सीमाचिन्ह अस्थिर. सीमाचिन्हास जागेवर राहण्याबाबत समज द्यावी.’ आणि साहेबांनी, माझ्या देखत, दगडासमोर उभं राहून तो शेरा वाचून दाखवला. पोच म्हणून माझी सही घेतली. असा कर्तव्यदक्ष अधिकारी आपण पाहिला आहे का?

मग साहेबांनी जुनी टिपणं धुंडाळून मूळ जागा काढली. तिथं आपण उत्साहानं सिमेंटचा ओटा बांधला. कल्पना अशी, की देव एकदा ओट्यावर बसला आणि नकाशावर सही झाली, की पुढं तो कुठंही फिरला तरी शीव तीच, प्रश्न मिटला. पण चैत्र यायला आठ महिने होते, आणि नारळ फुटलेला देव मधेच उचलता येत नाही. ओटा रिकामा राहिला. आठ दिवसांत कुणीतरी रिकाम्या ओट्यालाच हळदकुंकू वाहिलं. आता त्याला नवसही बोलतात. साहेब तिथं बसून चहा प्यायचे, तेव्हा बाया लांबूनच हात जोडायच्या. साहेब संकोचायचे, पण दुसरी सावली नव्हती.

आठ महिने साहेबांनी त्या ओट्याशेजारी या चैत्राची वाट बघितली. बदलीचा आदेश आला तोही नेमका आजच्या तारखेचा.

आता माझी लिहिलेली पानं संपली आहेत. पाच वाजून चोवीस मिनिटं झाली. पर्जन्यमान सांगू का?

थांबा. हलगी! आणि हा तेरखेड्याचा सुतळी बॉम्ब. आलेच. कुणी उठू नका, मंडप पडेल. मी इथून उंचावर आहे, मला दिसतंय, मी सांगतो.

पालखी चिंचेपाशी आली. पानकवठ्याचे पुढं आहेत. ओटा आणखी सव्वाशे पावलं पश्चिमेला आहे. चालतायत. चालतायत... पावलं हळू पडायलीत. अहो, आत्ताच कुठं जड? बलभीमराव, तुम्ही रुमालानं तोंड पुसताय की खूण करताय? थांबली. पालखी थांबली. पुढचा खांदेकरी ओरडतोय, “जड झाला! जड झाला!” नारळ कुठं आहे म्हणतायत. नारळ देऊ नका! थांबा!

साहेब उठले. हिरेमठ साहेब, हार गळ्यातच आहे तुमचा. मंडळी, साहेबांना वाट द्या.

साहेब पालखीपाशी गेले. काय म्हणतायत? शांत राहा, मलाही ऐकू द्या. साहेब म्हणतायत, “तुला जड झालं न्हवं? मग बाजूला सर. माझ्या खांद्यावर दे.” खांदेकरी बलभीमरावांकडं बघतोय. बलभीमराव छताकडं बघतायत. दांडी साहेबांच्या खांद्यावर गेली.

मोजणी अधिकाऱ्यानं सीमाचिन्हाला खांदा द्यावा की नाही, याबद्दल नियमात काय आहे ते मला माहीत नाही. मी आज वाचणारही नाही.

साहेब चालतायत. साहेबांचं वय सत्तावन्न, गुडघा दुखतो, मला ठाऊक आहे. बाकीचे तिघं ओढले जातायत. पन्नास पावलं. साहेब वाकले. नानी, रडू नका, अजून ठेवला नाही. सत्तर. साहेब, दमानं. पंच्याण्णव... ओट्याच्या कडेशी उभे राहिले. साहेब, काय ते बोला!

“जड होऊलालंय रे!”

बसला. ओट्यावर बसला. नारळ फुटला!

माफ करा, एक मिनिट. पाणी... झालं.

साहेब काठी धरून जागा तपासतायत. अशा वेळीसुद्धा तपासतायत. देव ओट्याच्या मध्यापासून चार बोटं सरकलेला आहे, म्हणतायत. चार बोटं नियमात चालतात का? चालतात म्हणतायत. पिशवीतून नकाशा काढला. ओट्यावरच ठेवला. पाच एकेचाळीस. सही झाली.

ओटा आपल्या वस्तीच्या पूर्वेला आहे, म्हणजे मंडळी, आपण आजपासून आडबोरीचे. बलभीमराव, रुमाल उगाच काढलात, ओट्यावर बसूनही वस्ती तुमच्याकडं येत नव्हती. प्रमुख पाहुणे सिद्धारामअण्णा, आपण उठलात, पण कृपया बसा. रहिवासी दाखल्याचे एकेचाळीस अर्ज माझ्याजवळ आहेत, प्रत्येकी तीन प्रतींत. पहिला हमिदाबींचा. तारखेची जागा तेवढी मोकळी होती, ती मी आत्ता भरली. शिक्का तुमच्या गाडीत असतो, हे मला माहीत आहे. हा माझा पेन.

नानी, पुढं या. तुमच्या हातानं द्या.

आलेल्या सर्वांचे, चारही खांदेकऱ्यांचे आणि त्यांतल्या एकाच्या जागी उभे राहिलेल्या पाचव्याचे मधली वस्ती आभार मानते. अध्यक्षांना मी मधे रुमालावरून बोललो, ते वयानं लहान समजून पोटात घाला. कुणाचं नाव राहिलं असेल, मान कमी-जास्त झाला असेल, तर मला जरूर सांगा. मी इथंच राहतो.