आजीच्या पानावरचा फोटो

…अन् वरून मलेच म्हणतात, ‘बाबा, तुम्हाले फोटो काढता येत नाई!’ आता यात माहं काय चुकलं, सांगा! बसलेच आहात तर ऐकूनच घ्या. तसा मी कमी बोलणारा माणूस. हळू बोलणारा. गावात म्हणतात, गुणवंतरावानं ‘राम राम’ म्हणायले तोंड उघडलं की समोरच्याची बैलबंडी वळणावरून निघून जाते, तवा कुठी दुसरा ‘राम’ बाहेर पडते. खोटं नाई ते. म्हणूनच आज मले मधात थांबवू नका, कारण मी एकदा थांबलो की पुन्हा सुरू व्हायले लय वेळ लागते.

तर तुम्हाले सांगतो, दिवाळीले पोरगा आला नाशिकहून. प्रवीण. संग सून मयुरी अन् नात किमया. नात म्हणजे एवढीशी, पहिलीतली, पण बोलणं! मी साऱ्या जन्मात बोललो नसन तेवढं ते पोरगी आंघोळीच्या एका बादलीत बोलते. तिच्या शाळेनं सांगतलं होतं, सुट्टीत घरच्या माणसांच्या फोटोची चिकटवही करून आणा. एका पानावर आई, एका पानावर बाबा, एका पानावर तं आमचा बैल आहे, मस्त आला बैल, ऐटीत! अन् एका पानावर वर लिहिलं ‘माझी आजी’, अन् खाली काय? काहीच नाई. रिकामं!

काऊन? आजी नाई काय? आहे ना! रुखमाबाई! अजी, ते विहिरीवर हसली तं मले वावराच्या धुऱ्यावर ऐकू येते, अन् मी म्हणतो, चला, हात धुवा, भाकर येऊन राह्यली. मयुरीनं तिचा एक फोटो आणला होता नाशिकच्या घरचा. नातीनं तो पाह्यला, बाजूले सरकवला.

“ही माझी आजी नाहीये.”

मयुरी म्हणते, “अगं, आजीच आहे ती.”

“नाही. माझी आजी हसते. ही कोणीतरी रागावलेली बाई आहे.”

आता लेकरू खोटं नव्हतं ना बोलत. त्या फोटोत रुखमाबाई अशी बसली होती… ओठ घट्ट, डोळे ताठ, जसा काही फोटो काढणाराच हिची कोंबडी चोरून नेऊन राह्यला. रुखमाबाईनं ऐकलं सारं. “नसन लावाचा तं नको लावू, बाई,” एवढंच बोलली, अन् सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली. तांदूळ सकाळीच पाखडलेले होते. तिनंच पाखडले होते.

तवा म्हटलं, बस. पोरं नाशिकले परत जायच्या आत या पानावर हसती आजी लागली पाहिजे. प्रवीणजवळ कॅमेरा होता, रोल होता. “बाबा, तुम्हीच काढा,” मयुरी म्हणाली, “तुमच्यासमोर आई मोकळ्या हसतात.” मोकळ्या! कॅमेरा हातात घेतला अन् म्हटलं, “रुखमा, पाह्य इकडं.” तं ते उठून घरातच गेली! लुगडं बदलवलं, तोंड धुतलं, पावडर लावला, खुर्ची आणली, पदर कपाळावर ओढला, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले अन् श्वास धरला. श्वास! म्हटलं, “हस.” हसत नाई. म्हटलं, “अवो, हस ना.” नाई. मी जास्त बोललो असतो तं बिचारीचा जीवच गेला असता, म्हणून खटका दाबला. पुन्हा तीच रागातली बाई! आता यात माहं काय चुकलं, सांगा!

मंग गेलो नागभीडले नवाबभाईच्या दुकानात. गावोगावच्या लग्नाचे फोटो नवाबभाईच काढते. त्याले म्हटलं, “माणूस हसता कसा काढाचा?”

“चाचा,” तो म्हणते, “पहले तो नजदीक जाओ, नजदीक! तुम गाववाले इतनी दूर से निकालते कि आदमी कम, जंगल ज्यादा. अरे, जंगल तो बाहर खड़ाच है! और सबसे बड़ी बात, सामनेवाले को मालूम नहीं पड़ना.”

घ्या! जवळ बी जा अन् मालूम बी नको पडू. हे काम वाघाचं, का माहं? पण म्हटलं, शिकलेला माणूस सांगते तं करून पाहू. दुसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाई आंगण सारवून राह्यली होती, नातीसंग बोलून राह्यली होती, हसून बी राह्यली होती, तुम्हाले सांगतो, अस्सल हसू! मी मागून निघालो. दबकत दबकत. जवळ… अजून जवळ… कॅमेरा डोळ्याले… अन् तिनं मागं पाह्यलं. “अगं माय वं!” करून शेणाचा हातच मारला माह्या तोंडावर. खटका दाबला गेलाच तेवढ्यात. रोल धुतल्यावर त्या फोटोत काय आलं, तं शेणाचा पंजा. सुंदर आला. रेघ न् रेघ दिसते. पण ‘माझी आजी’ म्हणून पंजा कसा चिकटवणार? आता यात माहं काय चुकलं, सांगा!

जायच्या आधी पोरं म्हणाली, घोडाझरीच्या तलावावर जाऊ. गेलो. चिवडा, अनारसे, सारं बांधून. काठावर साऱ्याईले ओळीनं उभं केलं अन् मी म्हटलं, “तयार राहा. एक…” आता माहं बोलणं तुम्हाले समजलंच आहे. मी ‘दोन’वर येईपर्यंत प्रवीणच्या डोळ्यात माती गेली, मयुरीचं हसू वाळलं, नात ओळीतून निघून पाण्यात दगड मारत बसली. हलली नाई एकच. रुखमाबाई. वनखात्यानं गाडलेल्या खांबासारखी!

आता मले राग येत नाई. पण त्या दिवशी आला. म्हटलं, “रुखमा, काऊन नाई हसत? सांगच आज. साऱ्या गावात हसते, माह्यावर हसते, बैलावर हसते, कॅमेऱ्यानं तुहं काय खाल्लं?”

तं काय म्हणते! पोरं ऐकू नये म्हणून जवळ आली, हळूच म्हणते, “अवो, उद्या मी मेली तं यातलाच एक फोटो ठेवणार ना खुर्चीवर, हार घालून? लोकं बसाले येतीन, रडत रडत वर पाह्यतीन, अन् बुढी दात काढून राह्यली! बरं दिसते काय? म्हणतीन, नवऱ्याच्या हातून सुटली म्हणून खुश आहे.”

अजी! म्हणजे इतके वर्ष, लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, माही बायको प्रत्येक फोटोत आपल्याच तेरवीले बसून होती! अन् मले पत्ता नाई!

म्हटलं, “बरं. मंग असं कर, आधी माह्या तेरवीचा काढ. वयानं मी मोठा आहो. माहा नंबर पह्यला.” अन् कॅमेरा दिला तिच्या हातात, जाऊन बसलो दगडावर, टोपी नीट करून.

तिनं जन्मात कॅमेरा धरला नव्हता. धरला, तं उलटा! काच सारी तिच्याकडं अन् पाठ माह्याकडं. त्या बारक्या झरोक्यात उलट्या बाजूनं डोळा लावला अन् मले शोधून राह्यली. “अवो, कुठी गेले?”

“इथीच आहो.”

“अगं माय! अवो, तुम्ही तं मुंगीएवढे दिसून राह्यले! किमया, ये वं, पाह्य तुहा आबा! एवढासा! टोपीवाली मुंगी!” अन् हसत सुटली. कॅमेरा डोळ्यावरून खाली आला, हात लांब करून तसाच उलटा धरलेला, पदर खांद्यावर, डोळ्यातून पाणी, अन् विचारते, “दाबू काय? अवो मुंगीबुवा, दाबू काय?”

प्रवीण वरडणारच होता, ‘आई, उलटा आहे!’ त्याचं तोंड उघडलं होतं. पण माह्या ध्यानात आलं की काच कोणाकडं पाह्यते. अन् तुम्हाले सांगतो, साऱ्या आयुष्यात पह्यल्यांदा गुणवंतराव कोणाच्या आधी बोलला.

“दाब!”

नवाबभाईनं रोल नागपूरले पाठवून धुऊन आणला, नेमका पोरं निघायच्या दिवशी सकाळी. एकेक फोटो दाखवला अन् तो एक बाजूले काढला. “चाचा, ये गलती से दबा है. तिरछा है, सिर कट गया, थोड़ा धुंधला भी है. ये नहीं देता मैं.”

म्हटलं, “नवाबभाई, बाकीचे ठेवून घे, तो दे.”

घरी आलो. नातीनं पाह्यला. एक शब्द नाई बोलली. बोलली नाई, समजते काय तुम्हाले? ते पोरगी! गोंद काढला, पानावर लावला, अन् वरून हात फिरवत राह्यली. मंग म्हणते, “हां. ही आहे.”

रुखमाबाई पदर तोंडाशी धरून मागं उभी. “अगं माय, पडलेला दात बी दिसते!” अन् लागलीच माह्याकडं वळली, “मी तं तुमचा काढला होता. मी कशी आली यात? अन् तुम्ही कुठी गेले?” आता काय सांगू! तवापासून घरात ठरलं आहे की साऱ्या चिकटवहीत चांगला फोटो एकच, अन् तो आईनं काढला. बाबाले येत नाई.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं. पण मागच्या महिन्यात मतदानाच्या ओळखपत्राचे फोटो काढाले सायेब लोकं आले गावच्या शाळेत. रुखमाबाई माह्या पुढं रांगेत. खुर्चीवर बसली अन् हे असं तोंडभर हसली.

सायेब म्हणतात, “बाई, तोंड मिटा. सरकारी फोटो आहे.”

“काऊन मिटू जी? माही नात ओळखन नाई.”

“बाई, मागं रांग आहे!”

“तं काढा ना लवकर. मी तं केव्हाची हसून राह्यली.”

काय करते सायेब? काढला. आता साऱ्या गावाच्या ओळखपत्रावर लोकं असे बसले आहेत, जसं काही मत द्यायले नाई, सजा ऐकाले आले. त्यात एक बाई दात काढून. अन् माहा नंबर आला तं ते खुर्चीमागं उभी राहून साऱ्या रांगेसमोर मले म्हणते, “हसा जी! हसा ना, मुंगीबुवा!”

आता मी काय करणार, भाऊ? हसलो. पण माहं हसू यायले वेळ लागते… तवापर्यंत सायबानं माहा फोटो काढून पुढच्याले बसवलं होतं.