यजमानाने खर्च करू नये!

...आणि वर गावातली पोरं मलाच विचारतात, "काका, आता तुमच्या घरच्या हळदीचं काय?" काय म्हणजे? लिहिलं तेच! तुम्हाला सांगतो, भिवंडीच्या पेपरात दर बुधवारी माझं सदर असतं, 'सडेतोड'. त्यात मी लिहून टाकलं, गोदामाला जमीन गेली, हातात पैसा खुळखुळला, म्हणून हळदीला बकरे कापायचे, बेंजो लावायचा, अख्खं गाव जेवू घालायचं... हा कसला मोठेपणा? यजमानाने दमडीसुद्धा खर्च करू नये! आपला शब्द म्हणजे शब्द!

आणि हे छापून येतंय न येतंय तोच आमच्याच निशाची हळद! पोरीने माझ्याशी बोलणंच टाकलं. बायको म्हणते, "तुमच्या त्या सदरापायी माझ्या पोरीच्या हळदीला कुत्रंबी यायचं न्हाय!" तिचंही खोटं नव्हतं हो. एकुलती एक पोर! पण माघार? शब्द म्हणजे शब्द! चहा, पोहे आणि ओटीवर सतरंज्या. विषय संपला.

हळदीच्या दिवशी बघतो तर काय, दारात टेम्पो! शेजारचा केसरीनाथ बांबू उतरवतोय. "अरे, हे काय?" तर म्हणतो, "दादा, तू खर्च करायचा न्हाय, लिवलंस ना? मंग मांडव माझा!" त्याच्यामागे नूर मोहम्मद, आमचा पॉवरलूमवाला दोस्त, बकरे घेऊन! "यार, तुम्हारा लिखा सर-आँखों पर! तुम एक पैसा मत निकालना, बकरे मेरी तरफ से!" आणि ताई, माझी सख्खी थोरली बहीण, ती बेंजोवाले घेऊन हजर! मी बोंबलतोय, "अहो, लेखाचा अर्थ तसा नाही! शब्द म्हणजे..." ऐकतंय कोण? पार शेलार-दिघाशीपासून माणसं लोटली, आमच्या अंजूर गावात एवढी हळद कुणी पाहिली नव्हती! आणि आमची निशा, पिवळीधम्मक, आत्याच्या गळ्यात पडून खिदळतेय... डोळे भरून आले हो माझे. मग भांडायचं तरी कुणाशी?

पंगतीत आमचे संपादक! नळी चोखत म्हणतात, "तुमच्या लेखणीत ताकद आहे हां! पुढच्या बुधवारी लग्नाच्या खर्चावर लिहा. चांगलं सडकून लिहा, यजमानाने खिशात हातसुद्धा घालू नये म्हणावं!"

म्हटलं, "साहेब, एवढी घाई?"

"महिनाअखेरीला माझ्या मुलीचं लग्न आहे."

काय करता? लिहिला लेख. आणि तुम्हाला सांगतो, झकास उतरलाय!